ब्रह्मकमळ, हिमालयातलं

उत्तराखंडातल्या घांघरिया गावाहून हेमकुंड सरोवराकडे चढताना शेवटच्या टप्प्यात, खडकांच्या सांदीसांदीत ब्रह्मकमळं दिसायला लागतात. ऑगस्टमध्ये गेलात तर हमखास. फिकट पिवळट-हिरवी, कागदासारखी पातळ पानं एकमेकांवर मिटलेली असतात. त्या पाकळ्या नव्हेत! वाकून आत डोकावलं की खरी फुलं दिसतात, जांभळी, बारीक, दाटीवाटीने बसलेली. थंडी-वाऱ्यापासून त्यांना जपायला हे पांघरूण.

म्हणून शास्त्रीय नाव सॉस्युरिया ऑबव्हॅलाटा. ऑबव्हॅलाटा म्हणजे भोवती तटबंदी असलेली. सॉस्युरिया हे जिनिव्हाच्या द सोस्यूर घराण्यावरून. त्यातले ओरास-बेनेडिक्ट १७८७ साली आल्प्समधलं मों ब्लां शिखर चढले होते. डोंगरवेड्या माणसाचं नाव डोंगरातल्या फुलाला मिळालं, याचा मला फार आनंद वाटतो.

कमळाशी याचं नातं फक्त नावापुरतं, कूळ सूर्यफुलाचं. पण नंदादेवीला आणि केदारनाथाला ते भक्तिभावाने वाहतात. उत्तराखंडचं राज्यपुष्पही हेच.

आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीत रात्री उमलतं ते पांढरंशुभ्र ब्रह्मकमळ वेगळं. तो मूळचा मेक्सिकोकडचा निवडुंग. आईकडे ते फुललं की अख्खा मजला जागतो, हळदीकुंकू वाहून आरतीही होते. ती रात्र मला प्रियच आहे. फक्त मुलांना दोन्ही फुलं वेगवेगळी ओळखता यावीत, एवढं मनापासून वाटतं.

आणि हेमकुंडला गेलात तर फूल तोडू नका. बी धरण्याआधीच ते खुडलं, तर तिथे पुढची रोपं उगवणार कशी?