पहिल्या फेरीतली नऊ नावे

2025 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या सस्कॅचवन रफरायडर्स संघाने माँट्रियलला 25-17 असे हरवून ग्रे कप, म्हणजे कॅनडातल्या फुटबॉल लीगचा करंडक, जिंकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीहून बाबांचा फोन आला. "तुमच्या गावाला कप मिळाला म्हणे?" त्यांनी विचारले. मी सगळे सविस्तर सांगितले. "मग आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निवांतच की रे तुम्ही!" ते म्हणाले. मी म्हटले, "नाही बाबा, आता तर ड्राफ्टचे अंदाज सुरू होतील." हा ड्राफ्ट म्हणजे काय आणि त्यात अंदाज बांधण्यासारखे काय असते, हे फोनवर नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

मी राहतो ते रेजायना हे शहर सव्वादोन लाख वस्तीचे, चहूकडे गव्हाचे आणि मोहरीच्या जातीच्या कनोलाचे सपाट रान. इथला फुटबॉल संघ कोणा उद्योगपतीच्या मालकीचा नाही, तो लोकांचा आहे. चाहत्यांनी भाग विकत घेऊन तो तगवला आहे आणि त्या भागांवर लाभांश मिळत नाही. सामन्याच्या दिवशी अर्धे शहर संघाच्या हिरव्या रंगात असते. कॅनेडियन फुटबॉल अमेरिकी फुटबॉलचाच भाऊबंद आहे, पण इथे एका बाजूला 12 खेळाडू असतात आणि चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी चाराऐवजी तीनच संधी मिळतात. कॅनेडियन फुटबॉल लीग, म्हणजे सीएफएल, हिच्यात अवघे नऊ संघ आहेत.

ड्राफ्ट म्हणजे या नऊ संघांनी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या कॅनेडियन खेळाडूंची पाळीपाळीने केलेली निवड. आपल्या वाचकांना आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. पण इथे बोली लागत नाही आणि हातोडाही पडत नाही. आदल्या मोसमात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिला मान मिळतो, कप जिंकणाऱ्याला शेवटचा, आणि अशा सध्या आठ फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत साधारणपणे नऊ नावे पुकारली जातात. ही नऊ नावे आधीच ओळखायची, शक्यतो क्रमासकट, हा इथला एप्रिलमधला छंद आहे आणि गेली काही वर्षे तो मलाही पुरता लागला आहे.

आयपीएलचीच दुसरी एक आठवण इथे उपयोगी पडते. तिथे अकरा जणांत चारच परदेशी खेळाडू चालतात, आणि त्यामुळे चांगल्या भारतीय खेळाडूची किंमत त्याच्या धावांच्या हिशेबापेक्षा वर जाते. सीएफएलमध्येही असाच नियम आहे. बहुतेक नामांकित खेळाडू अमेरिकेतून येतात, पण सुरुवातीच्या चोवीस जणांत (चढाईचे बारा, बचावाचे बारा) ठरावीक संख्येने कॅनेडियन असावेच लागतात. बरीच वर्षे ही संख्या किमान सात होती. प्रत्येक प्रशिक्षक हे कॅनेडियन कोणत्या जागांवर बसवायचे याचा विचार करत असतो, आणि पहिल्या फेरीचे सगळे गणित याच विचारातून निघते. सर्वांत गुणी खेळाडू कोण, हा प्रश्न नंतरचा. कोणत्या संघाच्या कोणत्या जागेवरचा कॅनेडियन खेळाडू थकत चालला आहे, हा पहिला.

मला हे शिकवले ते आमच्या कचेरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत मी हिशेब बघतो, ते गोदाम बघत. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षे झाली, पण अंदाजाची वही अजून त्यांच्याकडेच असते. साधी दोनशे पानी वही आहे, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, पाठीला हिरवी चिकटपट्टी. प्रत्येक संघाला एक पान. पानाच्या डावीकडे त्या संघात नियमित खेळणाऱ्या कॅनेडियन खेळाडूंची नावे, त्यापुढे वय, त्यापुढे करार संपण्याचे वर्ष, आणि सगळे पेन्सिलीने, कारण फेब्रुवारीच्या मध्याला करार संपलेले खेळाडू मोकळे होऊन दुसऱ्या संघांत जातात तेव्हा पानेच्या पाने खोडावी लागतात. वय बत्तीसच्या पुढे गेले की नावाखाली रेघ. पहिल्यांदा ती वही माझ्यासमोर उघडली तेव्हा मला आमच्या खातेवहीची आठवण झाली. येणे-देणे तिथेही असेच मांडलेले असते, आणि तूट कुठे आहे ते दोन मिनिटांत डोळ्यांना दिसते.

त्या वहीत सर्वांत जास्त रेघा असतात त्या ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणवल्या जाणाऱ्या खेळाडूंच्या नावांखाली. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे हे पाच धिप्पाड गडी. प्रेक्षकांना त्यांची नावे ठाऊक नसतात, पण कॅनडात अशी अंगापिंडाची मुले चांगली तयार होतात, म्हणून संघ कोट्यातल्या जागा शक्यतो इथे भरतात. चेंडू झेलणारा रिसीव्हर कितीही चपळ असला, तरी तसा दुसरा अमेरिकेतून आणता येतो. भिंतीतला कॅनेडियन गडी गेला की कोट्याचे सगळे घर हलते. नवखे लोक अंदाज बांधताना चमकदार खेळाडूंची नावे लिहितात आणि इथेच चुकतात. मीही चुकलो आहे.

3 मे 2022 ची संध्याकाळ मला लख्ख आठवते, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा नऊ नावे लिहून दिली होती. बाहेर बर्फ नुकताच वितळला होता, सहकाऱ्यांच्या तळघरात आम्ही सात जण टीव्हीसमोर बसलो होतो आणि मी घरून बटाटेवडे करून नेले होते. निवड सुरू होण्याआधीच आमच्या चिठ्ठ्या निम्म्या बाद झाल्या. पहिला क्रमांक मूळचा एडमंटनचा. तो माँट्रियलने सौदा करून आपल्याकडे घेतला आणि टायरेल रिचर्ड्स या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, घेतले. वरचा एक क्रमांक हलला की खालची सगळी उतरंड कोसळते, हे मी तेव्हा शिकलो. पाचव्या क्रमांकावर कॅलगरीने जेलन फिलपॉटला घेतले. ते नाव माझ्या यादीत होते आणि क्रमांकही बरोबर होता. सातव्या क्रमांकावर आमच्या रफरायडर्सनी सॅम्युअल एमिलसला घेतले. आठव्याला एडमंटनने ट्रे फोर्ड या क्वार्टरबॅकचे नाव पुकारले तेव्हा तळघरात क्षणभर कोणी बोललेच नाही, कारण ही जागा परंपरेने अमेरिकी खेळाडूंची, आणि कॅनेडियन विद्यापीठातला क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत घेतला जाईल असे आमच्यातल्या एकानेही लिहिले नव्हते. नवव्याला माँट्रियलने जेलनचा जुळा भाऊ टायसन फिलपॉट याला घेतले. माझी नऊपैकी पाच नावे फेरीत आली, दोनच नेमक्या जागी.

पुढच्याच वर्षी, 2023 च्या ग्रे कपमध्ये, सामना संपायला 13 सेकंद उरले असताना याच टायसन फिलपॉटने चेंडू झेलून माँट्रियलला 28-24 असा विजय मिळवून दिला. त्या झेलाकडे बघताना मला वहीतल्या माँट्रियलच्या पानावरची पेन्सिलीची रेघ दिसत होती.

अंदाजाची दुसरी मोठी अडचण आहे ती अमेरिकेची. एखादा मुलगा फारच चांगला असेल तर त्याला तिकडच्या एनएफएल या लीगमध्ये कित्येक पटींनी जास्त पैसा मिळतो, आणि मग इथल्या संघाने त्याच्यावर खर्च केलेली निवड वर्षानुवर्षे कागदावरच राहते. म्हणून सर्वांत गुणी खेळाडू पुष्कळदा पहिल्या फेरीत नसतोच. लॉरां दुव्हर्ने-टार्डिफ याचे उदाहरण इथे सगळे देतात. मॅकगिल विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकत असताना तो खेळत होता. 2014 मध्ये तो एनएफएलच्या कॅन्सस सिटी संघाकडे जाणार हे दिसत असल्याने कॅलगरीने त्याला थेट तिसऱ्या फेरीत घेतले. पुढे तो सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला आणि डॉक्टरही झाला. त्यामुळे अंदाज बांधणाऱ्याला दोन याद्या कराव्या लागतात, एक गुणांची आणि एक इथे खरोखर खेळायला येण्याच्या शक्यतेची, आणि दोन्ही एकमेकींवर ठेवून बघाव्या लागतात. सीएफएलचा स्काउटिंग ब्यूरो, म्हणजे खेळाडू हेरणारा विभाग, शरद ऋतूत, डिसेंबरमध्ये आणि पुन्हा वसंतात सर्वोत्तम वीस जणांची क्रमवारी जाहीर करतो. ती गुणांची यादी असते. दुसरी ज्याची त्याने करायची.

मार्चमध्ये कम्बाइन नावाची चाचणी होते. 2025 मध्ये ती रेजायनातच झाली. चाळीस यार्डांची धाव, उंच उडी, 225 पौंडांचे म्हणजे सुमारे 102 किलोंचे वजन किती वेळा उचलता येते ते, असे सगळे मोजले जाते. माझा या आकड्यांवर फार विश्वास नाही. समोरासमोर दोन लाइनमनना भिडवतात त्या चाचणीत मात्र पुष्कळ कळते: पहिल्या धक्क्याला पाय कुठे पडतो, हात आत राहतात की बाहेर जातात, हरल्यावर मुलगा पुन्हा रांगेत किती लवकर उभा राहतो.

पहिल्या क्रमांकाबद्दल एक निरीक्षण मी स्वतः काढले आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. 2014 मध्ये कॅलगरीने लावाल विद्यापीठाच्या पिएर लावेर्तूला पहिल्या क्रमांकावर घेतले. त्यानंतर 2015 पासून 2025 पर्यंतच्या अकराही वर्षी पहिला खेळाडू अमेरिकी विद्यापीठातून आलेला आहे. त्यात चार ऑफेन्सिव्ह लाइनमन, तीन लाइनबॅकर, दोन रिसीव्हर, एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) आणि एक डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावाच्या पुढच्या फळीतला). क्वार्टरबॅक एकही नाही. त्यांतले काही तर कॅनडात वाढलेलेही नाहीत. 2020 चा जॉर्डन विल्यम्स पालकांच्या नात्याने कॅनेडियन ठरला. इथल्या मैदानांवर चार वर्षे घाम गाळलेल्या मुलांवर हा अन्याय आहे असे आमच्या तळघरातल्या काहींचे मत आहे, आणि मला ते पटते; पण चिठ्ठी लिहिताना पटण्याला जागा नसते.

पहिल्या फेरीच्या मोहात पडणाऱ्याने 13, 14 आणि 15 हे आकडेही लक्षात ठेवावेत. 2006 मध्ये जॉन कॉर्निश तेराव्या क्रमांकावर गेला आणि 2013 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2019 मध्ये विनिपेगने आपल्याच शहराच्या ब्रॅडी ऑलिव्हेराला चौदाव्या क्रमांकावर घेतले. 2024 मध्ये तोच मान त्याला मिळाला. नेथन रूर्क 2020 मध्ये पंधराव्या क्रमांकापर्यंत कोणी घेतला नाही, आणि 2022 मध्ये तो सर्वोत्तम कॅनेडियन ठरला. तिघेही दुसऱ्या फेरीतले. त्या त्या वर्षी संघांनी या तिघांना ओलांडून कोणाला घेतले, हे पुन्हा पाहण्यासाठी मी गेल्या आठवड्यात एक अख्खी रात्र जागलो.

यंदा आमचा संघ विजेता, म्हणजे पाळी सर्वांच्या शेवटी. आधीच्या आठ संघांनी कोणाला नेले ते कळल्याशिवाय नवव्या नावाला हात घालता येत नाही, आणि नेमके तेच नाव मला सर्वांत आधी जाणून घ्यायचे आहे. डिसेंबरची वीस जणांची यादी छापून मी भिंतीवर लावली आहे. परवा सहकाऱ्यांकडे गेलो, बाहेर उणे अठ्ठावीस होते, आणि त्यांनी चहा होईपर्यंत वही माझ्या हातात दिली. रफरायडर्सचे पान उघडले. भिंतीतल्या दोन नावांखाली ताजी रेघ होती. त्यांनी पेन्सिल पुढे केली आणि करार संपण्याचे वर्ष मला लिहायला सांगितले.