काहिलीतला पाक आणि पन्हाळ्याचा दगड

जानेवारीतल्या एका सकाळी पुतणीला दुचाकीवर मागे बसवून मी कोल्हापुरातून पन्हाळ्याला निघालो, त्याला कारण तिच्या शाळेचा एक तक्ता झाला. सह्याद्रीच्या शेंड्यातून आगीचा लोंढा उसळतो आणि चौखूर उधळलेल्या घोड्यासारखा खाली धावत येतो, असे चित्र तिने त्यावर काढले होते. आपल्या पायाखालचा दगड असा आला नाही, हे घरी बसून सांगण्यापेक्षा त्या दगडासमोर उभे राहून सांगावे, असे मला वाटले.

शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना ऊस आणि मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर दिसतो. केर्लीच्या आसपास एका गुऱ्हाळावर आम्ही थांबलो. तसा बेत नव्हता, पण काहील उतरायची वेळ झाली होती आणि ते सोडून पुढे जाणे कोल्हापूरच्या माणसाला जमत नाही. चुलवाणावरून ओढलेली काहील कलती झाली आणि पाक वाफ्यात पसरला. सुरुवातीला तो पाण्यासारखा धावला, कडेला पोचेपर्यंत मंदावला, आणि मग त्याच्यावर सायीसारखी कातडी धरून तिला सुरकुत्या पडू लागल्या. पुतणी वाकून पाहू लागताच गुळव्याने तिला हाताने मागे सारले. “वरनं गार दिसतंय बाळ, आत इस्तू हाय,” तो म्हणाला.

बेसाल्टच्या, म्हणजे ज्याचा आपला काळा दगड झाला त्या लाव्ह्याचे याहून फारसे वेगळे नसते, हे मी तिला तिथेच सांगितले. जमिनीतून बाहेर पडताना तो ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापलेला असतो, म्हणजे त्या पाकाच्या जवळजवळ दहापट. हवा लागताच त्याच्यावर साल धरते, ती साल आतली उष्णता कोंडून ठेवते आणि तिच्याखाली रस वाहत राहतो. सौम्य उतारावर अशा प्रवाहाचे तोंड सहसा तासाला एक किलोमीटरही सरकत नाही, तेव्हा काठी टेकत चालणारा म्हातारासुद्धा त्याच्या पुढे निघून जाईल. उतार तीव्र असेल तर हा वेग १० किलोमीटरपर्यंत जातो आणि प्रवाह पाटात किंवा नळीत कोंडला गेला तर ३०च्याही वर. हवाई बेटावरच्या किलाउएया ज्वालामुखीने २०१८ साली ७००हून अधिक घरे गिळली, पण लाव्ह्याखाली सापडून कोणी मेले नाही. अपवाद अर्थातच आहेत. काँगोतल्या न्यीरागोंगोच्या विवरात लाव्ह्याचे तळे साचलेले होते. १९७७ साली डोंगराच्या कुशीला भेगा पडून ते रिकामे झाले, तेव्हा तो अतिशय पातळ लाव्हा तीव्र उतारावरून तासाला सुमारे ६० किलोमीटर वेगाने गावांत शिरला आणि माणसांना पळायला वेळ मिळाला नाही.

वाघबीळच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापाशी गाडी उभी केली. वर काळा घट्ट थर, त्याखाली भोकाभोकांचा, मधे विटकरी मातीची पट्टी आणि पुन्हा काळा थर. दोन प्रवाहांच्या दरम्यान जो काळ गेला, त्यात खालच्या दगडाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली, ती ही पट्टी. भोके वायूच्या बुडबुड्यांची असतात आणि पुढे त्यांतल्या काहींत पांढरे स्फटिक भरतात. (गारगोटी नावाचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, ही आठवण पुतणीनेच करून दिली.) दख्खनच्या पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या या थरांना भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, ते स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून.

“मग तोंड कुठे होते, काका?” तिने विचारले. तोंड म्हणण्यासारखा शंकूच्या आकाराचा डोंगर नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा पसरत राहिला. सालीखाली नवा रस शिरत गेला की आधीचा थर तव्यावरच्या भाकरीसारखा फुगून वर उचलला जाई. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ जो बेसाल्ट आहे, त्याची रासायनिक घडण महाबळेश्वरकडच्या थरांशी जुळते, म्हणजे लाव्ह्याने सुमारे हजार किलोमीटरांची मजल मारली असे मानतात. सालीच्या पांघरुणाखाली गरम राहिल्यामुळेच हे त्याला साधले, वेगाची त्याला गरज नव्हती.

गडावर सज्जाकोठीत बसलो तेव्हा दुपार झाली होती. समोर जोतिबाचा डोंगर, खाली दरी. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज याच गडावरून विशाळगडाकडे निघाले. पन्नास-साठ किलोमीटरांची ती वाट मावळ्यांनी भर पावसात रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी तुडवली. ज्वालामुखीतून सुटणारा राखेचा, दगडांचा आणि तापलेल्या वायूचा लोट मात्र ताशी ८० किलोमीटरांहून अधिक, कधी कित्येक शे किलोमीटर वेगाने डोंगरावरून घसरत येतो आणि आतले तापमान २०० ते ७०० अंश असते. चित्रातला धावणारा घोडा खरा हा आहे, फक्त त्याचा रंग लाल नसतो, करडा असतो. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावर माँ पेलेतून सुटलेल्या लोटाने साताठ किलोमीटरांवरचे सेंट पिएर शहर काही मिनिटांत संपवले आणि सुमारे २८,००० माणसे मेली. मोरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने आयुष्यभर वाहत्या लाव्ह्याच्या शेजारी उभे राहून चित्रीकरण केले. १९९१ साली जपानच्या उन्झेन पर्वतावर त्यांचा बळी घेतला तो अशाच करड्या लोटाने, आणि त्यांच्यासह ४३ जणांचा.

उतरताना सकाळच्या गुऱ्हाळावर सांगून ठेवलेला गुळाचा रवा घेतला आणि सूर्य कलता असताना शिवाजी पुलावर आलो. पंचगंगा तळाशी गेली होती, कोणी म्हशी धूत होते. २०१९च्या पुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. पण आपला पूर फुटाइंचांत मोजत चढतो, ३९ फुटांना इशारा आणि ४३ला धोका, आणि सगळे शहर तो आकडा विचारत जागे असते. कोलंबियात नेवादो देल रुईस या ज्वालामुखीच्या माथ्यावर बर्फ होते. १३ नोव्हेंबर १९८५च्या रात्री तिथे झालेला स्फोट फार मोठा नव्हता, पण तेवढ्याने बर्फ वितळून पाणी, राख आणि दगड यांचा चिखल नद्यांच्या पात्रांतून सुटला. त्याला लहार म्हणतात. वाटेतली माती आणि धोंडे पोटात घेत तो फुगत गेला आणि ७४ किलोमीटरांवरच्या आर्मेरो गावावर अडीच तासांनी आदळला. मृतांचा एकूण आकडा सुमारे २३,००० होता. हे गाव धोक्याच्या पट्ट्यात येते असे दाखवणारा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता. त्या दिवशी दुपारी राख पडू लागली, तेव्हा लोकांना घरातच शांत राहण्यास सांगितले गेले. उंच जागा मात्र पायी गाठता येईल इतकी जवळ होती.

पुतणीने कठड्यावरून खाली पाहिले आणि विचारले, “अडीच तासांत त्यांना कोणी उठवले नाही?”