सेवापूर्तीचा सत्कार

आज शेजारच्या काकांचा सेवापूर्तीचा सत्कार झाला. एसटीत ड्रायव्हर. भाषणं नेहमीचीच, ‘पुढील आयुष्य निरोगी जावो’ वगैरे. मध्येच आगार व्यवस्थापक सहज बोलून गेले, की यांच्या हातून सगळ्या नोकरीत एकही अपघात नाही. टाळ्या जेमतेम. शालीला जास्त पडल्या!

नीट काम केलं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्याची बातमी होत नाही. १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, तेव्हापासून असे किती ड्रायव्हर माणसं सुखरूप पोचवून निवृत्त झाले, नावं कोणाला ठाऊक? पावसाळ्यात कुंभार्ली घाट, समोर धुकं, मागे झोपलेली गाडीभर माणसं. माझ्या लेखी हा माणूस आमच्या ऑफिसातल्या सगळ्या ‘टॉप परफॉर्मर’पेक्षा यशस्वी.

मुलगा मात्र म्हणाला, दिवाळीला बाबा कधी घरी नसायचेच. सणाला जादा गाड्या सुटतात, त्या कोणीतरी चालवायच्याच. त्याचंही खरं आहे, आणि त्याची भरपाई शालीत होत नाही.

काकूंनी तर सगळ्यांसमोर जाहीर केलं, यंदाच्या चकल्या हेच तळणार. काका हो म्हणालेत. कशा झाल्या ते आम्ही शेजारी कळवूच.