पूर्वेची पाळ धरा

गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पक्षी पाहायचे तर उजाडायच्या आत पूर्वेच्या पाळीवर (बांधावर) पोचा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. आज समोरच्या, पश्चिमेच्या काठावरून तलवार बदकं नुसती काळी दिसत होती. इकडून नराच्या मानेवरची पांढरी रेघही स्पष्ट. दुर्बीण ८×४२ ची (आठ पट, ४२ मिमी भिंग) पुरे, जास्त पटीची हातात थरथरते.

सारसजोडी दिसली की बांधावरच थांबा. चरणं सोडून दोघांनी माना ताठ केल्या, तर तुम्ही फार जवळ गेलात. लगेच मागं सरा, फोटो राहू द्या!

काठच्या हिरव्या गवतावर पाय टाकू नका, खाली गुडघाभर गाळ असतो. अन् बेशरम ही झुडपी वनस्पती पाण्यात शिरली की उथळ काठच उरत नाही, तुतवारांनी (काठावर टिपणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांनी) चरायचं कुठं? ती मुळासकट काढायला हवी. नुसती छाटली तर पुन्हा फुटते.