चियांग माई: काकांचा व्हिसा आणि डावा अंगठा

मार्चमध्ये थायलंडमधल्या चियांग माईला जाऊ नये असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. शेतं आणि जंगल जाळल्याचा धूर इतका, की डोई सुथेपचा अख्खा डोंगर गायब. पण मला जावंच लागलं. आमचे धाकटे काका मर्चंट नेव्हीतून निवृत्त होऊन तिकडेच एकटे राहतात. वय 71. महिन्याच्या सुरुवातीला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शेजारच्या थाई बाईंनी काकांच्याच फोनवरून आम्हाला कळवलं. काकांच्या व्हिसाच्या मुदतवाढीची शेवटची तारीख 11 एप्रिल, म्हणजे सोंगक्रानच्या (थाई नववर्षाच्या सुट्ट्यांच्या) तोंडावर. त्यात 6 एप्रिलला चक्री दिनाची सुट्टी.

थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड (आगमनाचा ऑनलाइन फॉर्म) भरून ठेवा, 1 मे 2025 पासून ते सक्तीचं आहे. ते फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा.

आधी नियम. पन्नाशीपुढच्या माणसाला निवृत्तीच्या कारणावर एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेत 8,00,000 बाहत अर्जाच्या दोन महिने आधीपासून आणि मंजुरीनंतर तीन महिने तसेच पडून राहावे लागतात. नंतरही रक्कम 4,00,000 च्या खाली आणता येत नाही. (महिना 65,000 बाहत उत्पन्न दाखवायचा दुसरा मार्ग आहे, काकांना तो लागू नव्हता.) थोडक्यात, वीस लाख रुपयांच्या वर पैसे खात्यात दिसत असतात आणि अर्जाच्या आसपासच्या महिन्यांत हॉस्पिटलच्या बिलाला त्यातला एक बाहतही काढायची सोय नसते. बिल आम्ही भावंडांनी भरलं. तिकडे राहणाऱ्यांनी आजारपणाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, एवढं कळकळीने सांगतो.

मला वाटत होतं की अडचण इमिग्रेशनला येईल. पण ती आली बँकेत.

अर्जाला बँकेचं पत्र लागतं, शिवाय भरून घेतलेलं पासबुक. दोन्ही शक्यतो अर्जाच्याच दिवसाचं. पत्र खातेदारालाच देतात. काउंटरवरच्या मुलीने हात जोडून, अगदी गोड हसून, तीनदा नाही म्हटलं. मॅनेजर बाहेर आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: "त्यांना कळतं का?"

सगळं त्या प्रश्नावर होतं. माणसाला कळत असेल तर मुखत्यारपत्र चालतं. थाई कायद्यात दोन साक्षीदारांसमोर उठवलेला अंगठा सहीच्या बरोबरीचा मानतात. पण भानच नसेल, तर त्याच्या वतीने मुखत्यारपत्र कोणी करायचं? मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि ते काम 11 एप्रिलपर्यंत होण्यातलं नव्हतं.

काकांना कळत होतं. डॉक्टरांनी थाईत तसं लिहून दिलं: निदान काय, प्रवास आणि सही का शक्य नाही, बोलणं समजतं. खाली सही, परवाना क्रमांक, हॉस्पिटलचा शिक्का. या पत्राच्या चार मूळ प्रती घ्या. मी एकच घेतली होती, ती बँकेने ठेवून घेतली आणि माझा एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी बँकेचा माणूस स्टॅम्प पॅड घेऊन वॉर्डात आला. बँकेसाठी एक आणि इमिग्रेशनसाठी एक अशी दोन मुखत्यारपत्रं होती, एकेका कामापुरती, प्रत्येकावर 10 बाहतचा स्टॅम्प. साक्षीला शेजारीणबाई आणि एक वॉर्डबॉय. मजकूर मी मराठीत वाचून दाखवला, काकांनी मान हलवली. नर्स म्हणाली, "लुंग, अंगठा." लुंग म्हणजे आईवडिलांचा थोरला भाऊ, आमचे धाकटे काका तिकडे थोरले झाले होते. उजवा हात उचलेना, म्हणून डावा अंगठा. पहिला ठसा पसरला, दुसरा नीट उमटला. आयुष्यभर जहाजाच्या लॉगबुकात ऐटदार सही ठोकणारा माणूस निळ्या अंगठ्याकडे बघत राहिला. नर्सने स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, तरी नखाच्या कडेला शाई राहिलीच.

इमिग्रेशन ऑफिस विमानतळाजवळ आहे. सकाळी साडेआठला उघडतं, त्याआधीच रांगेत उभे राहा. 12 ते 1 जेवणाची सुट्टी. मुदतवाढीचा टीएम 7 फॉर्म, 4 बाय 6 सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्ट आणि त्याच्या झेरॉक्स, बँकेचं पत्र, पासबुक, राहत्या पत्त्याच्या नोंदीची (टीएम 30) पावती, डॉक्टरांचं पत्र, मुखत्यारपत्र, फी 1,900 बाहत. माझ्याकडून काकांच्या खाटेशेजारी उभं राहून काढलेला फोटोही मागितला. काही ठिकाणी अधिकारी स्वतः हॉस्पिटलात येतात. प्रत्येक ऑफिसची पद्धत निराळी असते, म्हणून कागद जमवण्याआधी एकदा नुसतं जाऊन विचारून या. हॉस्पिटलच्या पत्रावर 90 दिवसांपर्यंतची वैद्यकीय मुदतवाढही मिळते. आमचं जमलं नसतं तर तेच करणार होतो.

एजंट भेटतील. "पैसे आम्ही दाखवतो, तुम्ही फक्त पासपोर्ट द्या" म्हणतील. आजारी माणसाचा पासपोर्ट असा कुणाच्या हातात देऊ नका. आणि "राहू दे, नंतर दंड भरू" हा आपला देशी विचारही करू नका. दंड दिवसाला 500 बाहत, जास्तीत जास्त 20,000, तेवढं परवडेल. पण 90 दिवसांच्या वर गेलात तर देशात यायलाच बंदी लागते.

शिक्का 2 एप्रिलला मिळाला. पुढेमागे काकांना पुण्याला आणायचं ठरलं, तर आधी रीएन्ट्री परमिट काढावं लागेल, एका खेपेचे 1,000 बाहत. ते न काढता देश सोडला तर ही सगळी मुदतवाढ जागच्या जागी रद्द. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा टीएम 47 मात्र दुसऱ्या कुणी दिला तरी चालतो. ते काम शेजारीणबाईंनी घेतलंय. त्यांच्यासाठी झेरॉक्सचा गठ्ठा आणि दोन किलो कोकम ठेवून आलो. कोकमाचं त्या काय करतात देव जाणे.