मुलं लहान आहेत, दुसऱ्या शहरात जाऊ का?

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला हा प्रश्न विचारतं. बहुतेक वेळा परिस्थिती तीच असते: वय तिशीतलं, घरात एक-दोन लहान मुलं, दोघांपैकी एकाला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी चालून आलेली आणि उत्तर कळवायला हातात आठ-दहा दिवस. "तुम्ही गेला होतात ना मुलांना घेऊन? मग आम्ही जाऊ का?" फोनवर मी घाईघाईत काहीतरी सांगतो आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं, की सांगायचं तेच राहून गेलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितोय.

आम्ही बिऱ्हाड हलवलं तेव्हा थोरली साडेपाच वर्षांची होती, धाकटा दोनचा. नोकरी मला मिळाली होती. जायचं की नाही यावर आम्ही पंधरा दिवस बोलत होतो, आणि ते सगळं बोलणं मुलांभोवती फिरत होतं. शाळा कशी मिळेल, हवा मानवेल का, आजी-आजोबांवाचून राहतील का. हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण आमचं गणित चुकलं ते भलतीकडेच.

मुलांचं आधी सांगतो. नव्या घरातल्या पहिल्या रात्री थोरली बाथरूमला जायला उठली, जुन्या घरातल्या सवयीने डावीकडे वळली आणि भिंतीवर आपटली. मी दिवा लावला तर ती भिंतीवरून दोन्ही हात फिरवत दार शोधत होती. रडत नव्हती, नुसती शोधत होती. तीन आठवडे मी रात्री तिच्या पावलांच्या आवाजाकडे कान लावून झोपायचो. मग एका रात्री ती न अडखळता उजवीकडे वळली आणि परत येऊन झोपली. सकाळी तिला यातलं काही आठवतही नव्हतं.

लहान मुलं अशी रुजतात. मोठेपणी आपल्याला आठवणाऱ्या सगळ्यात जुन्या गोष्टी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, म्हणजे धाकट्याला जुनं घर आठवणारही नव्हतं. त्या दिवसांत मी रात्री जागून यावरचे अभ्यास वाचत बसायचो. त्यातले दोन मनात राहिले. डेन्मार्कमध्ये १९७१ ते १९९७ या काळात जन्मलेल्या सुमारे पावणेपंधरा लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी घर बदललेल्यांना पुढे मानसिक आजार, व्यसनं, हिंसा अशा गोष्टींचा धोका जास्त दिसला. आणि तो सगळ्यात ठळक होता तो बारा ते चौदा या वयात हललेल्या मुलांमध्ये. याचा अर्थ घर बदललं म्हणूनच हे झालं असा काढता येत नाही. जी कुटुंबं वारंवार हलतात त्यांच्यामागे इतर विवंचनाही असतात. पण वयाचा मुद्दा मी गंभीरपणे घेतला.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला. १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या अतिशय गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून घरभाड्याची मदत दिली गेली. त्यातल्या एका गटाला अट होती, की घर कमी गरिबीच्या वस्तीत घ्यायचं. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या मुलांची कमाई तपासली. तेराव्या वर्षाच्या आत नव्या वस्तीत गेलेल्यांची विशी-पंचविशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेरानंतर गेलेल्यांना तसा फायदा झाला नाही. त्या कुटुंबांची परिस्थिती तुमच्या-माझ्यासारखी नव्हती, तरी एक गोष्ट मला तिथे कळली: बदलली होती ती वस्ती. आपण 'ते शहर चांगलं आहे' असं म्हणतो, पण पाच वर्षांचं मूल शहरात राहत नाही. ते राहतं एका जिन्यात, एका गल्लीत, एका शाळेत आणि त्यांच्यामधल्या रस्त्यावर. शहराबद्दल महिनाभर वाचण्यापेक्षा त्या दहा मिनिटांच्या रस्त्यावर दोनदा चाला.

तेव्हा मूल सात-आठ वर्षांच्या आतलं असेल तर 'मुलांना जमेल का' या प्रश्नाला माझं उत्तर 'बहुतेक जमेल' असं आहे. तेरा-चौदाचं असेल तर मी इतक्या सहज हो म्हणणार नाही.

आता चूक सांगतो. थोरलीच्या शाळेचा प्रवेश-अर्ज भरत होतो. शेवटच्या पानावर एक रकाना होता: आई-वडिलांशी संपर्क न झाल्यास कोणाला कळवावे? दोन नावं, दोन फोन नंबर. माझं पेन तिथेच थांबलं. जुन्या शहरात मी विचार न करता सहा नावं लिहिली असती. इथे एकही नाही. मी रकाना कोरा सोडला, तर खिडकीतून अर्ज परत आला. कोरा चालत नाही, असं खिडकीतल्या बाई म्हणाल्या. मग मी ऑफिसातल्या एकाचं नाव टाकलं, ज्याला मी नऊ दिवस ओळखत होतो. बायको शेजारी उभी राहून पाहत होती. एवढंच म्हणाली, "हा माणूस आपल्या मुलीला ओळखतो तरी का?"

मी त्या वाक्यापाशी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण माझं बरं चाललं होतं. नोकरीबरोबर मला पहिल्याच सोमवारी पंधरा माणसं मिळाली, बसायला जागा मिळाली, दुपारी जेवताना गप्पा मारायला सोबत मिळाली. तिने माझ्यासाठी आपली नोकरी सोडली होती. 'तिकडे मिळेल' असं आम्ही दोघंही म्हणालो होतो आणि ती मिळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांतल्या एका संध्याकाळी ती म्हणाली, "आज दिवसभरात मला कोणी माझ्या नावाने हाक मारली नाही." मी म्हणालो, होतील हळूहळू ओळखी. हे उत्तर नव्हतं, मला तो विषय संपवायचा होता.

शिवाय घर मी मोठं बघितलं होतं, म्हणून ते ऑफिसपासून लांब मिळालं. रोज जाता-येता अडीच तास. मी पोहोचायचो तेव्हा मुलं झोपायला आलेली असायची आणि तिचा दिवस तेरा तासांचा झालेला असायचा. आलोईस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासून दाखवलंय, की लांबच्या प्रवासाची भरपाई ना पगारातून होते ना मोठ्या घरातून. जास्त प्रवास करणारे एकूण आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. हे मला नंतर समजलं. एक खोली जास्त मिळवण्यासाठी मी रोजची संध्याकाळ घालवली होती.

थोरलीचं पोट दुखायला लागलं ते तिसऱ्या महिन्यात. पहिल्या महिन्यात नाही, हे लक्षात घ्या. तोवर ती शाळेत रमली होती, एक मैत्रीणही झाली होती. रोज सकाळी चपला घालायची वेळ आली की पोट धरून बसायची. डॉक्टरांनी तिला तपासलं, काही निघालं नाही. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "घरी आई कशी आहे?" बायको काही बोलली नाही आणि मला काय बोलावं ते सुचलं नाही. ज्या मुलांची काळजी करत आम्ही पंधरा दिवस घालवले होते, त्यातलं एक मूल आता आईला घरी एकटी सोडून शाळेत जायला तयार नव्हतं.

म्हणून आता मला कोणी विचारलं, की मी आधी विचारतो: नोकरी कोणाला मिळाली आहे? आणि मग दुसऱ्याबद्दल विचारतो. त्याचा किंवा तिचा नव्या शहरातला पहिला मंगळवार सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत कागदावर लिहून काढा. कुठे जाईल, कोणाशी बोलेल, मूल तापाने फणफणलं तर कोणाला फोन करेल. त्या कागदावर फक्त घरकाम आणि मुलं असतील, तर अजून निर्णय घेऊ नका. दुसऱ्याचं काम आधी मार्गी लागतंय का, निदान एक ओळखीचं घर हाकेच्या अंतरावर मिळतंय का, हे बघा. जमल्यास दोघंही तिथे चार दिवस जाऊन राहा, आणि शनिवार-रविवारी नको, कामाच्या दिवशी. सकाळी ऐन गर्दीत शाळेपर्यंत आणि ऑफिसपर्यंत जाऊन बघा. पहिलं वर्षभर तिथे घर विकत घेऊ नका.

मागे राहणाऱ्या आई-वडिलांबद्दल एकच सांगतो. ते "जा, आमची काळजी करू नका" म्हणतात. ते म्हणाले म्हणून विषय संपला असं समजू नका. तुम्ही कधी आणि किती दिवसांसाठी येणार आहात, हे त्यांना जाण्याआधी तारखांसकट सांगा.

आणि मुलांना जायचं ठरल्यावरच सांगा. 'जाऊया का?' असं त्यांना विचारू नका. तो भार त्यांच्यावर टाकण्यासारखा नाही. त्यांचं सामान शेवटी बांधा आणि नव्या घरात सगळ्यात आधी उघडा. धाकटा खोक्यांना घाबरायचा, त्याचं पांघरूण बाहेर निघालं तेव्हा कुठे शांत झाला.

आमचं पुढे काय झालं, हेही लोक विचारतात. आम्ही ते मोठं घर सोडलं आणि ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर लहान घर घेतलं. खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या, त्यांची नात थोरलीच्या वर्गात होती. शाळेच्या अर्जातलं नाव पुढच्या वर्षी आम्ही बदललं. वर्ष पुरं झाल्यावर आम्ही ठरवून एका रात्री बसलो, राहायचं की परतायचं हे नव्याने ठरवायला. या वेळी आधी बायको बोलली आणि मी मध्ये तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. दीड तास ती बोलत होती. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आम्ही राहिलो. पण पुढची नोकरी कोणासाठी, कुठे, हे ती ठरवेल असं त्या रात्री ठरलं, आणि तिला परवाच एका तिसऱ्या शहरातून विचारणा आली आहे. काल मी माझा मंगळवार कागदावर लिहायला घेतला. दुपारच्या दोनच्या पुढे काय लिहावं, ते अजून मला सुचलेलं नाही.