आईच्या फोनवरचं यूएसबी डीबगिंग

आईच्या फोनमध्ये कंपनीने आधीच भरलेली काही अ‍ॅप्स होती. दिवसभर त्यांच्या जाहिराती यायच्या आणि सेटिंग्जमधून ती निघत नव्हती. विक्रोळीचा मावसभाऊ म्हणाला, "लॅपटॉपला लाव, एडीबीने काढू." एडीबी म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन.

'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर ७ वेळा टॅप केलं, डेव्हलपर ऑप्शन्स (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या लपलेल्या सेटिंग्ज) दिसू लागले. त्यातलं यूएसबी डीबगिंग, म्हणजे कॉम्प्युटरला केबलवरून फोनला आज्ञा देऊ देणारी सोय, सुरू केलं. केबल जोडताच फोनने विचारलं, या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का? खाली आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ होती, लॅपटॉपच्या डिजिटल किल्लीची ओळख. ती न वाचताच मी 'नेहमी परवानगी द्या'वर टिक केली. नको ती सहा अ‍ॅप्स दहा मिनिटांत गेली.

दुसऱ्या दिवशी आई लालबागला मसाला घ्यायला गेली आणि पैसे देताना बँकेचं अ‍ॅप उघडेना. डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा, असा संदेश. दुकानदाराने मसाला उधारीवर दिला. तिचा मला फोन, "अरे, काय करून ठेवलंस?"

तेव्हा कुठे मी नीट वाचायला बसलो. परवानगी मिळालेला लॅपटॉप केबल लागली की फोनमधले फोटो उचलू शकतो, स्क्रीनचं चित्र घेऊ शकतो, नवं अ‍ॅप घालू शकतो. त्या वेळी स्क्रीन लॉक असली तरी त्याला अडवत नाही. बँकेच्या अ‍ॅपची आतली माहिती रूट न केलेल्या, म्हणजे आतली कुलपं न तोडलेल्या फोनमधून अशी थेट निघत नाही, एवढाच दिलासा. हेच डीबगिंग नेटवर्कवर उघडं राहिलं तर केबलही लागत नाही. २०१८ मध्ये ५५५५ या पोर्टमधून, म्हणजे या डीबगिंगच्या नेटवर्कवरच्या दारातून, शिरणारा एक व्हायरस फोन आणि टीव्ही बॉक्समध्ये पसरला होता, तो त्यांची ताकद वापरून क्रिप्टोचलन (डिजिटल चलन) कमवायचा.

आणि तो लॅपटॉप भावाच्या ऑफिसचा होता. तिघेजण वापरतात.

अँड्रॉइड ११ पासून न वापरलेली परवानगी ७ दिवसांनी आपोआप जाते. आईच्या फोनमध्ये १० आहे. नुसतं डीबगिंग बंद करूनही भागत नाही, किल्ली फोनमध्ये राहते आणि पुढे कधी ते सुरू केलं तर तो लॅपटॉप न विचारता आत येतो. म्हणून आधी 'रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन्स' (दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द), मग डीबगिंग बंद, शेवटी डेव्हलपर ऑप्शन्स बंद, याच क्रमाने केलं.

बँकेचं अ‍ॅप उघडलं. संध्याकाळी आईसोबत मीही लालबागला गेलो, उधारी चुकती करायला.